रोजच्या वाटेची गाडी

पेट्रोल पंपावर उभं राहून थोडा वेळ नुसतं ऐकावं. जळगाव असो की धुळे, बोलणं एकच. "दोनशेचं टाका." "पाचशेचं टाका, भाऊ." पाच लिटर टाका म्हणणारा एखादाच. शंभर किलोमीटरचं टाका, असं तर कोणीच म्हणत नाही. आपण पेट्रोल रुपयांत मागतो. भाव वाढला तरी आपण पाचशेचंच भरतो, म्हणून खिशाला लगेच काही कळत नाही. कळतं ते काट्याला. परवापर्यंत पुरणारी टाकी आजच रिझर्व्हला येते. मग गाडीचा विचार सुरू होतो. ही आता परवडते का? सीएनजीची घ्यावी का? छोटी बघावी की इलेक्ट्रिक? घरात, ऑफिसात, पारावर याच गप्पा चालतात. कामाला निघण्याआधीची ही पाच मिनिटं याच प्रश्नाला देऊ.

महागाई खरीच आहे. 16 जून 2017 पासून पेट्रोल-डिझेलचे दर रोज ठरवण्याची पद्धत देशभर आली. 2021 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात पेट्रोलने शंभरी ओलांडली. पुढे केंद्राने दोनदा उत्पादन शुल्क कमी केलं. जुलै 2022 मध्ये राज्याने पेट्रोलवरचा कर लिटरमागे पाच रुपयांनी उतरवला. तरी भाव शंभरीच्या वरच राहिला. खानदेशात ही झळ जास्त बसते, कारण आपली अंतरं मोठी आहेत. जळगाव ते धुळे सुमारे 95 किलोमीटर. कितीतरी घरांत नोकरी एका तालुक्यात, घर दुसऱ्या तालुक्यात आणि शेत तिसऱ्या तालुक्यात असतं. शिक्षक, तलाठी, बँकेतले कर्मचारी, दवाखान्यातल्या सिस्टर, सगळे अप-डाऊन करतात. त्यामुळे गाडी निवडताना इथला माणूस पैचा हिशेब करतो, आणि तो करायलाच हवा. त्या हिशेबात एक आकडा मात्र मागे राहतो. पेट्रोलचा भाव आपल्याला तोंडपाठ असतो. शोरूममधली किंमत ठाऊक असते. शेजाऱ्याची गाडी किती अ‍ॅव्हरेज देते, हेही ठाऊक असतं. आपण स्वतः महिन्याला किती किलोमीटर फिरतो, हे विचारलं की आपण अंदाज सांगतो.

हा एक आकडा हाताशी नसला की भाव आपल्याला कुठेही ओढून नेतो. डिझेल गाड्यांचं आठवून पाहा. 2012 च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेलच्या दरात लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांचा फरक होता. डिझेलचे दर तेव्हा सरकार धरून ठेवत असे. लोकांनी धडाधड डिझेल गाड्या घेतल्या. गाडी लाखभर रुपये महाग पडली तरी घेतल्या. ज्यांचं रोजचं जाणं-येणं लांबचं होतं, त्यांचे पैसे वसूल झाले. ज्यांची गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघायची, त्यांचे झाले नाहीत. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचा दर बाजारावर सोपवला गेला आणि दोन्ही इंधनांतलं अंतर कमी होत गेलं. एप्रिल 2020 मध्ये प्रदूषणाचे बीएस 6 हे कडक नियम लागू झाले. देशात सर्वाधिक गाड्या विकणाऱ्या मारुतीने तेव्हापासून डिझेल गाड्या बनवणंच थांबवलं. भाव बदलला, नियम बदलले, बाजार बदलला. घरापासून शाळेपर्यंतचं, दुकानापर्यंतचं, शेतापर्यंतचं अंतर तेवढं तसंच राहिलं. म्हणून निवडीची सुरुवात तिथून करावी.

आता सीएनजीचं पाहू. दोन घरं डोळ्यांसमोर आणा. पहिल्या घरातली ताई जळगावहून रोज साधारण तीस किलोमीटरवरच्या शाळेत जाते. जाऊन-येऊन साठ. वर्षाला अडीचशे दिवस धरले तर पंधरा हजार किलोमीटर झाले. दुसऱ्या घरातल्या दादांचं दुकान घरापासून चालत जाण्याजोगं आहे. त्यांची गाडी रविवारी निघते, लग्नकार्याला निघते. महिन्याला तीनशे किलोमीटर, म्हणजे वर्षाला छत्तीसशे. पेट्रोल 105 रुपये आणि अ‍ॅव्हरेज 18 चं धरलं तर किलोमीटरला पावणेसहा ते सहा रुपये लागतात. सीएनजी 90 रुपये किलो आणि किलोला 25 किलोमीटर धरले तर साडेतीन रुपयांच्या वर थोडं. म्हणजे किलोमीटरमागे सव्वादोन रुपये वाचतात. सीएनजीची गाडी नव्वद हजारांनी महाग धरली, तर ते पैसे वसूल व्हायला चाळीस हजार किलोमीटर चालावं लागेल. ताईचे पैसे तीन वर्षांच्या आत सुटतात. दादांना अकरा वर्षं लागतील. गाडी तीच, भाव तोच. ताईसाठी जो निर्णय शहाणपणाचा, तो दादांसाठी नाही. इलेक्ट्रिक गाडीचंही असंच आहे. घरी चार्जिंग केलं तर किलोमीटरचा खर्च दीड-दोन रुपयांच्या घरात येतो, पण गाडीची किंमत काही लाखांनी जास्त असते. रोज ठरावीक अंतर जाणाऱ्याला ती लाभते. पुण्याच्या मुलाकडे वरचेवर थेट गाडीने जाणाऱ्याने मात्र वाटेतली चार्जिंगची सोय आधी नीट पाहावी.

दुसरी गोष्ट पंपावर दिसतच नाही. गाडी दारात उभी असतानाही खर्च चालू असतो. सहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता साडेबारा हजारांच्या आसपास येतो. महिन्याला तीनशे किलोमीटर चालवणाऱ्या दादांचं पेट्रोल होतं सतराशे-अठराशे रुपयांचं. म्हणजे हप्ता पेट्रोलच्या सातपट! आता समजा, पेट्रोल लिटरला पाच रुपयांनी वाढलं. दादांचा महिन्याचा खर्च वाढेल साधारण 83 रुपयांनी. पण त्यांनी मोठी गाडी पसंत केली आणि सहाऐवजी दहा लाखांचं कर्ज काढलं, तर हप्ता वाढेल सुमारे 8,300 रुपयांनी. वाढलेल्या 83 रुपयांवर आपण तासभर बोलतो. 8,300 रुपयांवर सही करायला मात्र पाच मिनिटंही लागत नाहीत. शिवाय मोठ्या गाडीचा विमा जास्त, टायर महाग, सर्व्हिसिंग महाग. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स आहे, दहा ते वीस लाखांच्या गाडीला 12 टक्के. नवीन गाडीला 2018 च्या सप्टेंबरपासून तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्यांच्या किमती उतरल्या. ज्यांचं पहिल्या गाडीचं स्वप्न अडलं होतं, त्यांना हा मोठा आधार झाला. या उतरलेल्या किमतीचा उपयोग हप्ता हलका करण्यासाठी व्हावा. एक नंबर मोठी गाडी बघण्यात तो संपू नये.

मोठ्या गाडीचा मोह का होतो, हेही समजून घेऊ. त्यामागे बहुतेक वेळा प्रेम असतं. आई-बाबांना वणीला न्यायचं असतं. शेगावला सगळ्यांनी एकत्र जायचं असतं. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणी, भाचरं, सगळी एकाच गाडीत बसावीत असं वाटतं. फार चांगलं वाटणं आहे हे. पण असे दिवस वर्षात किती? दहा, पंधरा, फार तर वीस. उरलेले सगळे दिवस त्या सात सीटच्या गाडीत एक माणूस आणि एक डबा. श्रावणात कानबाईच्या रोटांना भाऊबंद जमतात, तेव्हा मोठी पातेली आपण बाहेरून आणतो. तेवढ्यासाठी घरातली रोजची कढई कोणी बदलत नाही. गाडीचंही तसंच करता येतं. रोजच्या वाटेला पुरेल एवढी गाडी आपली. यात्रेच्या दिवशी ओळखीच्या चालकाची मोठी गाडी ठरवावी. त्याच्या घरालाही चार पैसे मिळतात. गाडी चालवायचा ताण आपल्या डोक्यावर राहत नाही, आणि आईशेजारी बसून निवांत बोलता येतं.

वाट मोजायला लागलं की आणखी एक गोष्ट उलगडते. प्रत्येक वाटेला गाडी लागतच नाही. जळगाव-भुसावळ अप-डाऊन करणारे कितीतरी जण वर्षानुवर्षं रेल्वेचा पास काढतात. अमळनेर, धरणगाव, नरडाणा, दोंडाईचा ही गावं सुरत-भुसावळ मार्गावर आहेत. चाळीसगाव-धुळे मार्गावर गाडी आहे. मनमाड-इंदूर या नव्या मार्गाला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तो धुळ्यावरून जाणार आहे. एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या आजी-आजोबांना 2022 पासून तिकीटच नाही. आणि जिथे वेळा जुळत नाहीत, तिथे खानदेशी माणसाने आपली सोय आधीच शोधून ठेवली आहे. एकाच गावच्या शाळेत जाणारे चार गुरुजी एका गाडीत जातात. या आठवड्यात एकाची गाडी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची. पेट्रोल चौघांत वाटलं जातं आणि वाटेतल्या गप्पा होतात त्या वेगळ्याच. एखाद्याच्या घरी अडचण आली तर ती याच गाडीत सगळ्यांना कळते, आणि मदतीचा हातही इथूनच पुढे येतो. खर्च वाचवायला निघालेली माणसं अशी एकमेकांची होऊन जातात.

टोलचंही याच नजरेने पाहता येतं. 15 ऑगस्ट 2025 पासून खासगी गाड्यांसाठी राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला. सुरू झाला तेव्हा त्याची किंमत 3,000 रुपये होती आणि त्यात 200 फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. फेरीला पंधरा रुपये पडले. ऐकताना फार स्वस्त वाटतं. रोज टोल नाका ओलांडणाऱ्यासाठी ते आहेही. वर्षातून चारदा महामार्गावर जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. स्वस्त काय आणि महाग काय, हे वस्तूवर लिहिलेलं नसतं. आपण ती किती वापरणार, त्यावरून ते ठरतं. गाडीपुरतं हे एकदा लक्षात आलं की मोबाइलचा प्लॅन घेताना, फ्रिज घेताना, अगदी घर बांधताना खोल्या ठरवतानाही ते उपयोगी पडतं. लोक काय घेतात हे पाहणं चुकीचं नाही. त्यांच्या अनुभवातून शिकावंच. पण त्यांच्या घरातली माणसं वेगळी, त्यांची वाट वेगळी, त्यांचं मिळकतीचं गणितही वेगळं. आपलं उत्तर आपल्याच घरात सापडतं.

मात्र काटकसर करताना काही गोष्टींना हात लावू नये. टायर गुळगुळीत झाले तर ते बदलावेच. ब्रेक, विमा, पीयूसी यांत चालढकल नको. नवी गाडी घेताना अ‍ॅव्हरेजसोबत तिला सुरक्षिततेचे किती स्टार आहेत, तेही विचारावं. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची स्वतःची चाचणी सुरू झाली आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. अशा उन्हात म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेताना एसी बंद ठेवून पेट्रोल वाचवायचं नसतं. गुडघे दुखणाऱ्या बाबांना चढायला-उतरायला सोपी पडेल अशी गाडी थोडी महाग असली तरी तीच योग्य. पैसा वाचवायचा तो घरातली माणसं सुखात राहावीत म्हणून. हे ध्यानात ठेवलं की कुठे हात आखडता घ्यायचा आणि कुठे मोकळा सोडायचा, ते आपोआप कळतं.

यासाठी एक छोटी सवय लावून घेऊ. गाडीत, डॅशबोर्डच्या कप्प्यात, एक लहानशी वही आणि पेन ठेवावं. पेट्रोल भरलं की तीनच गोष्टी लिहायच्या. तारीख, मीटरवरचे किलोमीटर आणि भरलेले लिटर. एकदा टाकी फुल करावी आणि पुढच्या वेळी पुन्हा फुल करावी. मधे जेवढे किलोमीटर झाले, त्यांना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागलं की आपल्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज मिळतं. कंपनीच्या कागदावरचा आकडा वेगळा असतो. आपल्या रस्त्यांवर, आपल्या उन्हात, आताच्या वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर गाडी खरोखर किती देते, ते ही वही सांगते. अचानक अ‍ॅव्हरेज घटलं तर टायरमधली हवा तपासावी, एअर फिल्टर पाहावा, मेकॅनिकला दाखवावं. अनेकदा थोडक्या दुरुस्तीत काम भागतं आणि नवी गाडी घेण्याचा विचार दोन वर्षं पुढे जातो. गाडी साधारण पन्नासच्या वेगात एकसारखी ठेवली तर इंधनाची चांगली बचत होते. ही वही घरातल्या सगळ्यांना दाखवावी. मुलांनाही दाखवावी. हिशेब करायला बसवलं की मुलं फार मनापासून करतात, आणि घरातला पैसा कुठे जातो हे त्यांना कोणी न रागावता कळतं.

तीन महिन्यांत ही वही आपल्याशी बोलायला लागेल. कुणाला ती सांगेल, तुमचं जाणं खूप आहे, सीएनजीची गाडी घ्या. कुणाला सांगेल, आहे हीच गाडी छान चालली आहे, तिला आणखी पाच वर्षं सांभाळा. एखाद्याला वाटेल की रोजच्या कामाला स्कूटर पुरे आणि लांबच्या वाटेला रेल्वे बरी. एखाद्या घराला पहिली गाडी घ्यायचं धाडस येईल, कारण आपल्याला कोणती आणि केवढी परवडते हे आता नक्की ठाऊक असेल. या सगळ्या निवडी चांगल्याच आहेत. कष्टाच्या पैशाने गाडी घ्यावी, घरच्यांना तिच्यातून फिरवावं, यासारखा आनंद नाही. हप्त्याची धास्ती नसली की तो आनंद पुरा मिळतो. पेट्रोलचा उद्याचा भाव आपल्या हातात नाही. आपली वाट मोजणं आहे. आज निघताना मीटरवरचा आकडा तेवढा लिहून ठेवा.